पहिली फेरी हळू



आज भित्तिपत्रकासाठी मी पळण्याविषयी लिहिले आहे. तुम्ही म्हणाल, पळण्यात काय शिकायचं? लहान पोर चालायला लागलं की दुसऱ्या दिवशी पळतं. मलाही तसंच वाटत होतं. पण मागच्या डिसेंबरात मी सहावीत असताना शाळेच्या क्रीडास्पर्धेत मुलींची पाच फेऱ्यांची शर्यत होती. शिट्टी वाजली आणि मी सुसाट सुटले. पहिल्या फेरीला सगळ्यांच्या पुढे. मैत्रिणी ओरडत होत्या, मला लई भारी वाटत होतं. दुसऱ्या फेरीला बरगडीखाली कळ आली. तिसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी आंब्याच्या झाडाखाली मटकन बसले. शर्यत संपली तरी मी तिथेच होते.

त्याच महिन्यात आमच्या घरी आणखी एक गोष्ट घडली. माझ्या चुलत ताईला पोलीस भरती व्हायचं आहे. भरतीच्या मैदानी परीक्षेला पोरं 'ग्राउंड' म्हणतात. त्यात मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. शिवाय १०० मीटर पळणे आणि गोळाफेक असते. ताईने मनावर घेतलं आणि रोज पहाटे जीव खाऊन पळू लागली. आठव्या दिवशी तिची नडगी अशी ठणकू लागली की जिना उतरता येईना. आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला काय करायचंय पळून? तरी मी सांगत हुते." चुलत्यांनीही मान डोलावली. ताईचं पळणं बंद. माझं तर सुरू होण्याआधीच बंद.

आम्ही दोघी शाळेत बाईंकडे गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हा दोघींचं दुखणं एकच आहे. पळता तुम्हाला येतंय, सुरुवात करता येत नाही." त्या दिवसापासून आम्ही सुरुवात करायला शिकलो. जे शिकलो ते इथे लिहिते.

आधी मैदान मोजा

बाईंनी आम्हाला टेप दिली. मी आणि माझ्या मैत्रिणीने कडेकडेने शाळेचं मैदान मोजलं. आंब्यापासून निघून ध्वजस्तंभाला वळसा घालून परत आंब्यापाशी आलो की १६० मीटर होतात. म्हणजे पाच फेऱ्या ८०० मीटर आणि दहा फेऱ्या १६०० मीटर. ताईची परीक्षा म्हणजे आपल्या मैदानाच्या नुसत्या पाच फेऱ्या! भरतीचं मोठं डोंगराएवढं ओझं एकदम आपल्या मैदानात मावलं. सवा सहा फेऱ्यांचा एक किलोमीटर होतो, हे ज्याला पडताळायचं आहे त्याने वहीत गणित करून बघावं.

दम का लागतो?

आपण बसलेलो असतो तेव्हाही हृदय रक्त फिरवत असतं. रक्तातून स्नायूंना प्राणवायू मिळतो. स्नायू त्या प्राणवायूवर अन्नातली साखर आणि चरबी जाळतात व त्यातून ताकद काढतात. पळू लागलो की पायाचे स्नायू जास्त प्राणवायू मागतात. मग हृदय जोरात धडधडतं, श्वास भरभर होतो. हे चांगलंच आहे.

पण शिट्टी वाजताच आपण सुसाट सुटलो तर स्नायूंची मागणी एकदम वाढते आणि हृदय व फुप्फुसं तेवढा पुरवठा करू शकत नाहीत. तेव्हा स्नायू थोडा वेळ पुरेशा प्राणवायूशिवाय काम चालवतात. बाईंनी याला छान उदाहरण दिलं. किराणा दुकानात उधारीवर सामान मिळतं, पण किती दिवस? वही भरली की दुकानदार म्हणतो, "आधी मागचं द्या." स्नायूंचंही तसंच आहे. उधारीवर एक फेरी निघते, फार तर दीड. मग वसुली सुरू होते. पाय शिशाचे होतात आणि आपल्याला वाटतं, आपल्यात दमच नाही.

दम असतो. आपण पहिल्याच फेरीत उधारी केलेली असते.

पाढा म्हणून बघा

मग किती हळू पळायचं? याला घड्याळ लागत नाही, मोबाईलही लागत नाही. पळता पळता सातचा पाढा म्हणा. "सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस" असं दोन-तीन ओळी सलग म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. "सात… एके…" अशी धाप लागली तर वेग जास्त आहे, कमी करा. मोठ्या माणसांनी सतराचा पाढा म्हणावा, दोन्ही कामं होतील!

पहिल्या दिवशी ताई आणि मी पाढे म्हणत पळालो तर शेजारून शेळ्या घेऊन चाललेल्या मामांनी विचारलं, "पळताय का चालताय गं?" आम्हाला लाज वाटली. बाई म्हणाल्या, "लाजायचं नाही. सुरुवातीला पळणं इतकं हळूच असतं. भरभर चालणाऱ्या माणसाने तुम्हाला गाठलं तरी चालेल."

आणखी एक युक्ती सांगते. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी बघायची. १५ सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजायचे आणि ४ ने गुणायचे. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. पळून आल्यावर ती खूप वाढते आणि थांबल्यावर हळूहळू खाली येते. रोजच्या सरावाने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून सराव असणाऱ्याची बसल्या जागची नाडी कमी होत जाते. मी वहीच्या शेवटच्या पानावर दर रविवारी सकाळी उठल्या उठल्या नाडी लिहिते. विज्ञानाचा प्रयोग आपल्या अंगावरच होतो.

दम लवकर वाढतो, हाड सावकाश

ताईची नडगी का दुखली ते आता सांगते. हा भाग भरती करणाऱ्या सगळ्या दादा-ताईंनी नीट वाचावा.

नियमाने पळायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत दम वाढल्यासारखा वाटतो. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या एवढ्या लवकर तयार होत नाहीत. त्यांना महिने लागतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार पायावर येतो. हाडाला तो भार थोडा थोडा मिळाला, मध्ये विश्रांती मिळाली, तर हाड आतून मजबूत होतं. रोज भार, विश्रांती नाही, असं झालं तर नडगी सुजते, ठणकते. तरीही ऐकलं नाही तर हाडाला बारीक चीरसुद्धा जाऊ शकते.

घराचा स्लॅब टाकल्यावर गवंडी काय करतो? रोज पाणी मारतो आणि सेंट्रिंग लगेच काढत नाही. वरून सिमेंट वाळलेलं दिसतं, म्हणून कोणी दुसऱ्याच दिवशी वर विटांचा ढीग रचत नाही. पायाचंही तसंच आहे. दम वाढला म्हणजे वरून वाळलं, आतलं अजून पिकायचं आहे.

म्हणून एक दिवस पळायचं आणि एक दिवस सोडायचा. आठवड्याला तीन दिवस पुरे. सुट्टीच्या दिवशी पाय मजबूत होत असतात, तो दिवस फुकट जात नाही.

पहिल्या काही दिवसांत मांड्या, पोटऱ्या दुखतात. आपल्याकडे "अंग आंबलं" म्हणतात. खरं म्हणजे आत काही आंबत नसतं. सवय नसलेलं काम केल्याने स्नायूंच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते आणि शरीर ती भरून काढताना स्नायू आधीपेक्षा दणकट करतं. हे दुखणं दोन्ही पायांत सारखं असतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. त्याला घाबरू नये. पण दुखणं एकाच जागी असेल, हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवावं. ताईला तीन आठवडे विश्रांती घ्यावी लागली. आठ दिवसांच्या घाईची किंमत एकवीस दिवस!

दहा आठवड्यांचा तक्ता

हा तक्ता आपल्या मैदानासाठी बाईंनी आणि आम्ही मिळून केला. प्रत्येक दिवशी आधी दोन फेऱ्या चालायचं. शेवटीही दोन फेऱ्या चालायचं, एकदम बसायचं नाही.

पहिला व दुसरा आठवडा : अर्धी फेरी पळणे, एक फेरी चालणे. असे ६ वेळा.
तिसरा व चौथा आठवडा : एक फेरी पळणे, एक फेरी चालणे. असे ५ वेळा.
पाचवा व सहावा आठवडा : दोन फेऱ्या पळणे, एक फेरी चालणे. असे ४ वेळा.
सातवा व आठवा आठवडा : चार फेऱ्या पळणे, एक फेरी चालणे. असे २ वेळा.
नववा व दहावा आठवडा : आठ फेऱ्या न थांबता पळणे.

एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा. पुढे उडी मारायची नाही. परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटून घ्यायचं नाही. मला तिसरा-चौथा आठवडा दोनदा करावा लागला आणि मध्ये तापाने एक आठवडा गेला. म्हणजे दहाऐवजी मला तेरा आठवडे लागले.

दहा आठवडे झाल्यावरच वेगाचा विचार करायचा. तोही आठवड्यातून एकदाच, शेवटच्या एका फेरीला.

कसं पळायचं?

नजर समोर ठेवावी, पायाकडे बघत पळू नये. खांदे सैल सोडावेत. मुठी आवळू नयेत. हातात चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी मूठ हलकी असावी. पावलं लहान टाकावीत. लांब ढांग टाकली की टाच पुढे आपटते आणि गुडघ्याला हादरा बसतो. श्वास नाकाने घ्यावा की तोंडाने, यावर पोरं भांडतात. दोन्हीने घ्यावा, शरीराला हवा पाहिजे.

बरगडीखाली कळ आली तर घाबरू नका. वेग कमी करा किंवा चाला, दुखणाऱ्या जागी हाताने दाबा आणि श्वास लांब सोडा. कळ जाते. भरल्या पोटाने पळालं की ती जास्त येते. त्या शर्यतीआधी मी दोन भाकरी आणि पिठलं चेपून आले होते! जेवणानंतर दोन तास तरी पळू नये. पळून आल्यावर पाणी प्यावं आणि घरचंच खावं. भाकरी, उसळ, शेंगदाणे-गूळ, दूध यांनी भागतं. बाजारातल्या डब्यांतली पावडर लागत नाही.

बुटांचं काय? आपल्या मातीच्या मैदानावर शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतात. अनवाणी पळणारेही आहेत, पण आधी मैदानातल्या काचा, खडे आणि बाभळीचे काटे वेचून काढा. चप्पल घालून मात्र पळू नये, पाय मुरगळतो. डांबरी रस्त्यावर रोज पळणाऱ्या मोठ्या माणसांनी पायाला नीट बसणारे बूट घ्यावेत. भारीतले नसले तरी चालतील, पण फाटके नकोत.

बूट नाहीत म्हणून कोणाचं अडलं नाही, हे इतिहासात आहे. शंभर वर्षांपूर्वी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळत. ते पाहून दोराबजी टाटांनी १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतातून खेळाडू पाठवायची खटपट केली. त्या संघातले बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुढे १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी अख्खी मॅरेथॉन अनवाणी पळून सुवर्णपदक जिंकलं.

आपल्या मातीतली माणसं

आज १५ ऑगस्ट. २०१६ साली याच तारखेला ब्राझीलमधल्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी झाली. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर पळाल्या. पी. टी. उषा १९८४ साली अंतिम फेरीत पळाल्या होत्या. त्यानंतर ३२ वर्षांनी धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारताची खेळाडू ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचली, ती माणसारख्या दुष्काळी तालुक्यातली. ललिताताई दहाव्या आल्या.

स्टीपलचेसमध्ये नुसतं पळायचं नसतं. मुलींना सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीचे अडथळे २८ वेळा ओलांडायचे असतात आणि ७ वेळा पाण्यावरून उडी घ्यायची असते. रिओच्या प्राथमिक फेरीत त्यांनी हे अंतर ९ मिनिटे १९.७६ सेकंदांत कापून राष्ट्रीय विक्रम केला. पुढे २०२३ साली पारुल चौधरी यांनी तो मोडला. मी गणित केलं. ३००० मीटर म्हणजे आपल्या मैदानाच्या पावणेएकोणीस फेऱ्या. ललिताताईंनी प्रत्येक फेरी तीस सेकंदांच्या आत मारली असती, तीही अडथळे ओलांडत! पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या आधी लांब पल्ल्याच्या शर्यती पळत होत्या. स्टीपलचेसकडे त्या २०१४ साली वळल्या. २०१५ साली त्यांनी आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आणि २०१६ साली अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. आधी वर्षानुवर्षं पायाखाली अंतर घातलं, मग वेग आला.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांची गोष्टही तशीच आहे. ते आधी सैन्यात भरती झाले, सियाचीनच्या बर्फात राहिले. शर्यतीचं पळणं त्यांनी सैन्यात गेल्यावर सुरू केलं, तेव्हा वीस वर्षं उलटून गेली होती. सुरुवातीला त्यांना वजनसुद्धा कमी करावं लागलं. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकलं. उशीर झाला असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि आपल्या आया-आज्यांसाठी बारामतीच्या लता करे यांची गोष्ट सांगते. २०१३ साली साठी ओलांडलेल्या लताबाई, नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून, साडी नेसून आणि अनवाणी बारामतीच्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमाही निघाला. त्यांच्यावर वेळच तशी आली होती. आपण मात्र या वयात सुरुवात करताना आधी चालायचं, मग पळायचं.

साताऱ्यात २०१२ सालापासून डोंगरातली अर्धमॅरेथॉन होते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि परत उतरायचं. अंतर सुमारे २१ किलोमीटर १०० मीटर. आपल्या मैदानाच्या जवळजवळ १३२ फेऱ्या! बाई म्हणतात, तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने कधीतरी अर्ध्या फेरीपासूनच सुरुवात केलेली असते.

सांभाळायच्या गोष्टी

आपलं गाव कराड आणि वाळवा तालुक्यांच्या शिवेवर. सगळा ऊसाचा पट्टा. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्याने जातात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. म्हणून अंधारात रस्त्यावर पळू नये. उजाडल्यावर शाळेच्या मैदानात पळावं. रस्त्यानेच जायचं असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं जावं. पांढरे किंवा फिकट कपडे घालावेत. कानात गाणी लावू नयेत. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा आणि सावकाश चाला.

उन्हाळ्यात सकाळी लवकर पळावं. डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं तर सावलीत बसावं, पाणी प्यावं आणि मोठ्या माणसाला सांगावं. पावसाळ्यात मैदान निसरडं असेल तर नुसतं चालावं.

ज्यांना हृदयाचा आजार, दमा, बीपी, साखर आहे, ज्यांचं वय चाळीसच्या पुढे आहे, किंवा ज्या बायका गरोदर आहेत त्यांनी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारावं. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर कोणीही असो, लगेच थांबावं आणि डॉक्टरांकडे जावं.

मुलींसाठी एक खास गोष्ट. थोडं पळालं तरी फार धाप लागत असेल, चेहरा आणि पापण्यांची आतली बाजू फिकट असेल, तर अंगात रक्त कमी असू शकतं. रक्त कमी म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी. आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी खिडकीतून टाकू नये. कोण टाकतं ते मला माहीत आहे, पण नाव लिहीत नाही!

पालकांसाठी दोन शब्द

जानेवारीत आम्ही परत पळायचं ठरवलं तेव्हा आई म्हणाली, "एकट्या दोघी जायचं नाही." तिचं खरंच होतं. मग बाईंनी आईलाच सांगितलं, "तुम्ही चला की सोबत." आई हसली. शेतात दिवसभर राबते ती, तिला कशाला पाहिजे पळणं? पण आली. पहिले तीन आठवडे मैदानाच्या कडेने नुसती चालायची. चौथ्या आठवड्यात एके सकाळी तिने इकडं-तिकडं बघितलं, पदर खोचला आणि ध्वजस्तंभापासून आंब्यापर्यंत हळूच पळाली. परत येऊन म्हणाली, "लगीन झाल्यापासून पळालेच नव्हते बघ." मग तिने तोंडाला पदर लावला. हसत होती का रडत होती, मला कळलं नाही.

आता आमच्या गल्लीतल्या आणखी तीन काकू येतात. आजी अजून बडबडते, पण सकाळी आम्हाला उठवते तीच.

ताईची नडगी पूर्ण बरी झाल्यावर तिनेही अर्ध्या फेरीपासून सुरुवात केली. आता ती दहा फेऱ्या न थांबता पळते आणि आठवड्यातून एकदा पाच फेऱ्या घड्याळ लावून पळते. भरतीची जाहिरात निघाली की ती ग्राउंड द्यायला जाईल. निवड होईल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. पण चुलते आता "बंद कर" म्हणत नाहीत. परवा त्यांनी स्वतः तिला तालुक्याहून बूट आणले.

माझं म्हणाल तर मी आठ फेऱ्या न थांबता पळते. वेग फार नाही. डिसेंबरात शर्यत आहे. मी पहिली येईन असं नाही, शेवटचीही येईन. पण या वेळी आंब्याच्या झाडाखाली बसणार नाही.

मुलांनो, मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही मैदानात असतो. ज्याला कधीच पळता आलं नाही, असं वाटतं त्याने आधी यावं. पालकहो, मुलीला पाठवायची काळजी वाटत असेल तर तुम्हीही या. चालायला या.

येताना सातचा पाढा पाठ करून या. आणि लक्षात ठेवा, पहिली फेरी हळू!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी